चुकून लागलेला फटका आणि क्षमायाचना : एक अभ्यास

खेळ म्हटला की पळापळ आली, पडणे-झडणे आले आणि केव्हातरी कोणाला तरी लागणेही आले. शाळेच्या मैदानावर हॉकीचा सामना चालू असतो. चेंडूसाठी दोन मुले एकदम पुढे येतात. एकाची स्टिक चेंडूवर न बसता दुसऱ्याच्या नडगीवर बसते. मुलगा कळवळून खाली बसतो. ज्याच्या हातून फटका बसला तो क्षणभर उभा राहतो. त्याला धावत जाऊन म्हणावेसे वाटते, "लागलं का रे? माफ कर." पण तेवढ्यात त्याचाच एखादा सोबती त्याला मागे ओढतो आणि कानात सांगतो, "गप्प राहा. माफी मागितलीस तर चूक तुझी ठरेल."

हा प्रश्न वरवर पाहता लहान आहे. परंतु घराघरांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत, रस्त्यावरच्या अपघातांत आणि गावच्या पारावर हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत उभा राहतो. चुकून लागलेल्या फटक्याबद्दल क्षमा मागणे म्हणजे दोष कबूल करणे होय काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा हॉकीचे नियम, आपली भाषा, खेळाचा इतिहास, कायदा आणि बुद्धकालीन एक प्रसंग या पाच अंगांनी विचार करावयाचा आहे. लेखाच्या शेवटी तरुण मंडळींना चर्चेसाठी काही प्रश्न दिले आहेत.

१. हॉकीत लागते ते का?

आपल्या परभणी जिल्ह्यात कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांचा जोर अधिक. हॉकीची स्टिक थोड्याच मुलांच्या हाती येते. म्हणून या खेळाची थोडी माहिती घेणे जरूर आहे.

हॉकीचा चेंडू टणक असतो. त्याचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूइतकेच. स्टिकचे वजन नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७३७ ग्रॅम असू शकते. एका वेळी दोन्ही बाजूंचे मिळून बावीस खेळाडू मैदानात असतात आणि गोलरक्षक सोडले तर इतरांच्या अंगावर नडगीचे व दातांचे संरक्षक यापलीकडे फारसे काही नसते. क्रिकेटमध्ये फलंदाजाला चेंडू कोठून येणार हे ठाऊक असते. हॉकीत चेंडू आणि स्टिक कोणत्याही बाजूने येऊ शकतात.

त्यात मैदानाची भर पडते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठे सामने कृत्रिम गवतावर होऊ लागले. तेथे चेंडू सरळ घसरत जातो. परंतु आपल्याकडची मुले काळ्या मातीच्या मैदानावर खेळतात. ऊन तापू लागले की ही माती दगडासारखी होते, तिला भेगा पडतात. जमिनीलगत मारलेला चेंडू भेगेच्या कडेवर आपटून एकाएकी उसळतो आणि समोरच्याच्या गुडघ्यावर किंवा तोंडावर जातो. मारणाऱ्याच्या मनात तसे काही नसते. तेव्हा हॉकीत लागणे ही गोष्ट पुष्कळदा खेळाच्या साधनांतून आणि जमिनीतून जन्म घेते, मनातून नव्हे, हे प्रथम ध्यानात ठेवले पाहिजे.

२. नियम तीन गोष्टी वेगळ्या मानतो

हॉकीचे नियम बारकाईने वाचले तर असे दिसते की, फटका बसला या एकाच घटनेत नियम तीन वेगवेगळ्या गोष्टी पाहतो.

(अ) घटना. चेंडू किंवा स्टिक लागली, हे घडले. केवळ लागले म्हणून नेहमीच नियमभंग होतो असे नाही. चेंडू एखाद्याच्या पायाला लागला तरी त्याचा त्याला फायदा झाला नसेल, किंवा त्याने मुद्दाम पाय आडवा घातला नसेल, तर तो गुन्हा धरला जात नाही.

(आ) नियमभंग. स्टिक धोकादायक रीतीने फिरवू नये, चेंडू समोरच्याला धोका होईल असा खेळू नये, असे नियम सांगतो. पाच मीटरच्या आत उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर चेंडू उचलून मारणे धोक्याचे मानले जाते. येथे मनात काय होते हे पंच प्रथम विचारीत नाही. खेळ धोकादायक झाला एवढे पुरेसे असते आणि समोरच्या संघाला फ्री हिट मिळते.

(इ) हेतू. मुद्दाम केले काय, हा प्रश्न यानंतर येतो आणि त्याने शिक्षेचे वजन बदलते. बचाव करणाऱ्या खेळाडूने 'डी'च्या बाहेर पण आपल्या बाजूच्या तेवीस मीटरच्या पट्ट्यात नकळत नियम मोडला तर साधी फ्री हिट. तोच नियम त्याच जागी मुद्दाम मोडला तर पेनल्टी कॉर्नर. 'डी'च्या आत, चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याविरुद्ध मुद्दाम केले तर पेनल्टी स्ट्रोक. वागणूक वाईट असेल तर हिरवे कार्ड म्हणजे दोन मिनिटे बाहेर, पिवळे म्हणजे किमान पाच मिनिटे बाहेर आणि लाल म्हणजे तो सामना संपला.

म्हणजे घटना घडू शकते आणि नियमभंग नसतो. नियमभंग असू शकतो आणि हेतू नसतो. या तिन्ही गोष्टींची गाठ आपण एका शब्दात मारतो आणि म्हणतो "चूक". घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

आता क्षमायाचनेकडे पाहू. पंच शिट्टी वाजवतो ती पाहिलेल्या कृतीवर. खेळाडूने क्षमा मागितली म्हणून फ्री हिट दिली, किंवा क्षमा मागितली म्हणून कार्ड परत खिशात घातले, अशी कोठलीही तरतूद नियमांत नाही. हात जोडले तरी शिक्षा टळत नाही आणि हात जोडले म्हणून शिक्षा लागतही नाही. मग "माफी मागितलीस तर चूक तुझी ठरेल" हे भय मैदानावरच्या नियमांनी तरी निर्माण केलेले नाही. ते आपण बाहेरून मैदानावर आणलेले आहे.

३. शब्द एक, अर्थ अनेक

हे भय कोठून आले? त्याचे एक कारण शब्दांत आहे. मराठीत या प्रसंगी वापरण्याजोगे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचे काम निराळे आहे.

"लागलं का?" हा प्रश्न आहे. त्यात दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी आहे, स्वतःविषयी एक अक्षरही नाही.

"वाईट वाटलं", "दिलगीर आहे" यात बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे. शेजारच्या घरी कोणी वारले तरी आपल्याला वाईट वाटते. आपण त्याला मारलेले नसते.

"मुद्दाम नाही केलं" हे हेतूविषयीचे विधान आहे. ते खरे असेल किंवा खोटे असेल.

"माफ कर", "क्षमा कर" ही विनंती आहे. आपल्या हातून तुला त्रास झाला, तो मनात धरू नकोस, अशी ती विनंती. ज्याच्या मनात राग साठण्याचा संभव आहे त्याच्याशी नाते तुटू नये हा तिचा उद्देश.

"माझं चुकलं, मी न बघता स्टिक फिरवली" ही मात्र कबुली आहे. येथे काय घडले आणि त्यात आपला वाटा कोणता, हे बोलणारा सांगतो.

आजकालचा "सॉरी" हा इंग्रजी शब्द या सर्वांच्या जागी एकटाच वापरला जातो. गर्दीत खांदा लागला तरी सॉरी, बोलणे ऐकू आले नाही तरी सॉरी, दुःखद बातमी ऐकली तरी सॉरी आणि मोठा अपराध झाला तरी सॉरीच. एक शब्द पाच कामे करू लागला की ऐकणारा त्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढतो. ज्याला भांडायचे असते तो म्हणतो, "बघा, सॉरी म्हणाला, म्हणजे केलं याने!" आपल्याकडे "खाई त्याला खवखवे" अशी म्हण आहेच. क्षमा मागणाऱ्याला ती ताबडतोब चिकटवली जाते.

परंतु आपल्याच रोजच्या वागण्यात या समजुतीला उत्तर आहे. बसमध्ये, सभेत, जेवणाच्या पंगतीत चुकून कोणाला आपला पाय लागला तर आपण काय करतो? चटकन त्या व्यक्तीला हात लावतो आणि तो हात स्वतःच्या कपाळाला किंवा छातीला लावतो. समोरचाही मान हलवतो, "असू द्या" म्हणतो. लहान मुलाला पाय लागला तरी आपण असे करतो, वहीपुस्तकाला लागला तरी करतो. कोणी असे म्हणते काय, की याने नमस्कार केला, अर्थी याने मुद्दाम लाथ मारली? कोणीही म्हणत नाही. त्या नमस्काराचा अर्थ एवढाच की, तुझा मान मला ठाऊक आहे आणि जे घडले त्याने तो कमी झालेला नाही.

म्हणजे दोष नसताना क्षमा मागण्याची रीत आपल्या अंगवळणी आहे. मैदानावर गेल्यावर मात्र आपण ती विसरतो.

४. खेळाच्या इतिहासातील तीन दाखले

पहिला दाखला १९६२ चा, वेस्ट इंडिजमधला. नरी कॉन्ट्रॅक्टर भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार होते. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा उसळता चेंडू त्यांच्या डोक्याला लागला. त्या काळी शिरस्त्राणे नव्हती. कवटीला इजा झाली, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, जीव धोक्यात आला. त्यांना रक्त देण्यासाठी भारतीय संघातून चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर पुढे आले. आणि त्यांच्याबरोबर वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीही रक्त दिले.

वॉरेल हे प्रतिस्पर्धी. चेंडू त्यांनी टाकलेला नव्हता. तरीही त्यांनी बाही वर केली. या रक्तदानाला कोणी वेस्ट इंडिजने दिलेली दोषाची कबुली मानले नाही. उलट, बंगालच्या क्रिकेट संघटनेने पुढे ३ फेब्रुवारी हा दिवस फ्रँक वॉरेल यांच्या नावाने रक्तदानाचा दिवस म्हणून पाळण्यास १९८१ पासून सुरुवात केली. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी सामना खेळू शकले नाहीत. पण त्यांनी ग्रिफिथ यांना दोष दिला नाही. मैदानाच्या बाजूस झालेल्या हालचालीने आपले लक्ष विचलित झाले, असे ते नंतर सांगत राहिले. ज्याला लागले त्यानेच हे म्हणावे, यात मोठेपणा आहे.

दुसरा दाखला २०१४ चा. २५ नोव्हेंबर रोजी सिडनीच्या मैदानावर शॉन अॅबट यांचा चेंडू फिलिप ह्यूज यांच्या मानेवर लागला. धावत जाऊन त्यांना आधार देणाऱ्यांत अॅबट स्वतः होते. दोन दिवसांनी ह्यूज यांचे निधन झाले. पुढे रीतसर चौकशी झाली आणि २०१६ मध्ये तिचा निष्कर्ष आला. मृत्यूचा दोष कोणाही खेळाडूवर ठेवला गेला नाही. अॅबट सर्वांसमोर धावून गेले, त्यांचे दुःख साऱ्या जगाने पाहिले. पण चौकशी करणाऱ्याने त्या दुःखातून अपराध काढला नाही. त्याने पाहिले ते चेंडूचे, फटक्याचे आणि नियमांचे.

तिसरा दाखला हॉकीतलाच आणि उलट बाजूचा आहे. मेजर ध्यानचंद यांनी आपल्या आत्मचरित्रात १९३३ मधील एक प्रसंग सांगितला आहे. ते पंजाब रेजिमेंटकडून सॅपर्स अँड मायनर्स संघाविरुद्ध खेळत होते. चेंडू मिळत नाही म्हणून चिडलेल्या एका खेळाडूने त्यांच्या डोक्यात स्टिक मारली. ध्यानचंद डोक्याला पट्टी बांधून परत आले. त्या खेळाडूच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी बदला घेण्याचे सांगितले आणि त्यानंतर एकामागून एक सहा गोल केले. हाच त्यांचा बदला. हा फटका चुकून बसलेला नव्हता, रागातून बसलेला होता. येथे नुसते "लागलं का?" पुरले नसते. येथे कबुली हवी होती.

या तीन दाखल्यांतून एक गोष्ट ठरते. दोष आहे की नाही हे कृती आणि हेतू ठरवतात. क्षमेचा शब्द दोष निर्माण करीत नाही आणि असलेला दोष पुसूनही टाकत नाही.

५. कायदा काय म्हणतो?

पालकांच्या मनातले खरे भय येथे आहे. मुलाचा दात पडला, डोळ्याला इजा झाली, तर दवाखान्याचा खर्च, पोलिसांत तक्रार, शाळेतून नाव काढणे अशा गोष्टी समोर येतात. गरीब घराला हे परवडणारे नसते. म्हणून कायद्याची थोडक्यात माहिती असावी.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८० होते. कायदेशीर काम, कायदेशीर रीतीने, योग्य ती काळजी घेऊन करताना, गुन्ह्याचा हेतू किंवा जाणीव नसताना, अपघाताने काही घडले तर तो गुन्हा नाही, असे ते सांगत असे. कलम ८७ मध्ये संमतीने खेळल्या जाणाऱ्या खेळाचा विचार होता. दोघेजण करमणुकीसाठी तलवारबाजी खेळण्याचे ठरवतात. खेळात दगाबाजी न करता एकाला इजा झाली तर दुसऱ्याचा गुन्हा नाही, असे उदाहरण खुद्द त्या कलमातच दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात याच तरतुदी अनुक्रमे कलम १८ आणि कलम २५ म्हणून कायम आहेत. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पाहिली जाते, हेही पूर्वीप्रमाणेच आहे.

परंतु येथे एक शब्द विसरू नये, तो म्हणजे "योग्य ती काळजी". दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल इतक्या बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वागणे हा वेगळा गुन्हा आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यांतही हेच तत्त्व आहे. १९८५ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने फुटबॉलच्या एका स्थानिक सामन्यात बेदरकार रीतीने पाय मोडणाऱ्या खेळाडूला भरपाई द्यावयास लावली. मैदानावर उतरणारा माणूस खेळातले नेहमीचे धोके पत्करतो. दुसऱ्याचा बेदरकारपणा पत्करत नाही.

आता क्षमेच्या शब्दाविषयी. पुराव्याच्या कायद्यात "कबुली" म्हणजे वादातल्या एखाद्या गोष्टीविषयी अनुमान सुचवणारे विधान. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ३१ असे होते की, अशी कबुली हा निर्णायक पुरावा नव्हे. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २५ तेच सांगते. म्हणजे कोणी "माझं चुकलं" असे स्पष्ट म्हटले तरी न्यायालय इतर पुरावा पाहते. मग "लागलं का रे, वाईट वाटलं" एवढ्या बोलण्याला दोषाचा पुरावा म्हणून फार वजन कसे येणार? अर्थात "मी डोळे मिटून स्टिक फिरवली" असे विधान केले तर त्याचा विचार होईल, आणि ते खरे असेल तर व्हावयासही हवा.

काही देशांनी तर यासाठी स्वतंत्र कायदेच केले. इंग्लंडमध्ये २००६ च्या भरपाईविषयक कायद्यात, क्षमायाचना किंवा उपचार देऊ करणे एवढ्यानेच निष्काळजीपणाची कबुली होत नाही, असे स्पष्ट लिहिले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्याच वर्षी आणि हाँगकाँगने २०१७ मध्ये क्षमायाचनेविषयी कायदे अमलात आणले. असे का करावे लागले? कारण माणसे खटल्याच्या भीतीने साधी विचारपूस करीनाशी झाली होती. ज्याला लागले त्याला औषधाइतकीच गरज असते ती कोणीतरी जवळ येऊन विचारण्याची. ती न मिळाल्याने राग वाढतो आणि भीती ज्या खटल्याची होती, तोच खटला उभा राहतो.

६. सारिपुत्तांच्या चीवराचे टोक

चुकून लागणे आणि क्षमा यांविषयीचा एक फार बोलका प्रसंग पाली वाङ्मयात आहे. विषयाशी त्याचा थेट संबंध असल्याने तो येथे सांगतो.

वर्षावास संपवून सारिपुत्त श्रावस्तीहून चारिकेला निघाले होते. निघताना त्यांच्या चीवराचे टोक एका भिक्खूला लागले, असे अट्ठकथेत सांगितले आहे. तो भिक्खू आधीच नाराज होता. त्याने भगवान बुद्धांकडे जाऊन तक्रार केली की, सारिपुत्तांनी मला मारले आणि क्षमाही न मागता निघून गेले. बुद्धांनी सारिपुत्तांना परत बोलावले. भिक्खुसंघ जमला. सारिपुत्तांनी "मी मारले नाही" असा वाद घातला नाही. आपले चित्त पृथ्वीसारखे, पाण्यासारखे आहे, त्यावर स्वच्छ टाका वा घाण टाका, ते चिडत नाही, अशा आशयाचे त्यांनी सांगितले. ज्याचे मन असे आहे तो कोणाला मारून कसा जाईल, हे सर्वांना उमगले. तक्रार करणारा भिक्खू खजील झाला आणि त्याने आपली तक्रार खोटी होती हे कबूल केले.

खरा धडा यापुढे आहे. बुद्धांनी सारिपुत्तांना त्या भिक्खूला क्षमा करण्यास सांगितले. सारिपुत्तांनी क्षमा केली आणि हात जोडून असेही म्हटले की, माझ्याकडून काही दोष घडला असेल तर त्यानेही मला क्षमा करावी. संघासमोर त्यांची निर्दोषता सिद्ध झालेली होती. क्षमा मागण्याचे कोणतेच बंधन उरले नव्हते. तरीही धम्मसेनापतीने हात जोडले. यात कबुली नाही. दुसऱ्याच्या मनातला सल निघावा ही कळकळ आहे.

हेतूचे महत्त्व बुद्धांनी आवर्जून सांगितले आहे. कर्म म्हणजे चेतना, ही त्यांची शिकवण प्रसिद्ध आहे. अंध झालेल्या चक्खुपाल थेरांच्या पायाखाली किडे मेले, तेव्हा त्यांच्या मनात मारण्याची चेतना नव्हती म्हणून त्यांना दोष नाही, असा निर्णय त्यांनी दिला. विनयातील अनेक नियमांच्या शेवटी अजाणता घडल्यास आपत्ती नाही, अशी सूट दिलेली आढळते. एका हाताने हेतू तपासणे आणि दुसऱ्या हाताने क्षमा मागणे, ही दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत.

७. मागितलेली क्षमा आणि मागायला लावलेली क्षमा

इतके सर्व मान्य केले तरी एक अडचण उरते आणि ती आपल्या समाजाने विशेष जाणली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाडवडिलांकडून दोष नसताना क्षमा मागून घेतली गेली. वाटेत सावली पडली म्हणून, पाणवठ्यावर हात लागला म्हणून, नवे कपडे घातले म्हणून नाक घासायला लावले गेले. ती क्षमा नव्हती. तो खाली मान घालण्याचा कर होता. म्हणून आपल्यातल्या एखाद्या स्वाभिमानी बापाने मुलाला "चूक नसेल तर माफी मागू नकोस" असे बजावले, तर त्याच्या बोलण्यामागचा इतिहास समजून घेतला पाहिजे. त्याला उर्मट म्हणून मोकळे होता येणार नाही.

परंतु फरक ओळखता आला पाहिजे. आपणहून मागितलेली क्षमा बरोबरीच्या नात्यातून येते. आज माझी स्टिक तुला लागली, उद्या तुझी मला लागेल; आपण दोघेही विचारू. मागायला लावलेली क्षमा वरून खाली येते. ती एकाच बाजूने मागितली जाते, चारचौघांत मागितली जाते आणि तिचा उद्देश लागलेल्याचे दुःख कमी करण्याचा नसून लागवणाऱ्याला वाकवण्याचा असतो. ओळखण्याची सोपी खूण अशी की, संघ बदलले, नावे बदलली, तरी तीच क्षमा मागितली गेली असती काय, हे स्वतःला विचारावे. उत्तर "नाही" असेल तर ती क्षमायाचना नव्हे, अपमान होय. आणि जातीवरून चारचौघांत मुद्दाम अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

शाळेतील शिक्षकांनी आणि क्रीडा मार्गदर्शकांनी येथे सावध असावे. काय घडले हे दोन्ही मुलांकडून ऐकून घेण्याआधी "आधी माफी माग" असे फर्मान काढू नये. तसे केल्याने क्षमेचा शब्द मुलाच्या मनात शिक्षेशी जोडला जातो आणि पुढे आयुष्यभर तो शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. याउलट "त्याला कुठे लागलं ते बघ" असे सांगावे. ते कोणालाही सांगता येते. त्यात कोणाचा मान जात नाही.

दुसऱ्या टोकाचाही विचार हवा. काही मुले सॉरी हा शब्द साबणासारखा वापरतात. दर दहा मिनिटांनी कोणाच्या तरी पायावर स्टिक मारायची, हात वर करून सॉरी म्हणायचे आणि पुन्हा तेच. अशा वेळी क्षमेचा शब्द खरा की खोटा हे पुढच्या वागण्यावरून ठरते. ज्याला खरोखर वाईट वाटले आहे त्याची स्टिक पुढच्या वेळी खाली राहते.

८. मैदानावर काय करावे?

(१) फटका लागताच थांबावे आणि जवळ जावे. शिट्टी झाली नसली तरी जखमी खेळाडूकडे पंचाचे लक्ष वेधावे.

(२) पहिला शब्द त्याच्या दुखण्याविषयी असावा. "लागलं का? कुठं लागलं?" स्वतःची बाजू मांडण्याची ती वेळ नव्हे.

(३) "मुद्दाम केलं नाही" हे खरे असेल तरच म्हणावे, आणि एकदाच म्हणावे. पुन्हा पुन्हा म्हटले की ते बचावासारखे ऐकू येते.

(४) स्वतःचा निष्काळजीपणा झाला असेल तर तो स्पष्ट शब्दांत मान्य करावा. क्षमा म्हणजे कबुली नव्हे, या तत्त्वाचा आडोसा घेऊन खरी कबुली टाळू नये. तसे करणे म्हणजे या लेखाचा उलटा अर्थ लावणे होय.

(५) पंचाचा निर्णय मुकाट्याने मान्य करावा. क्षमा मागितल्यावर शिक्षा कशाला, असा वाद घालू नये.

(६) रक्त आले असेल तर खेळाडूने मैदानाबाहेर जावे आणि जखम झाकूनच परत यावे. डोक्याला मार लागला असेल, चक्कर येत असेल किंवा उलटी होत असेल तर त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, डॉक्टरांना दाखवावे.

(७) संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन विचारपूस करावी. शक्य असल्यास आईवडिलांना सोबत न्यावे. अनेक भांडणे या एका फेरीने मिटतात.

(८) ज्याला लागले त्याचेही कर्तव्य आहे. चौकशी करायला आलेल्याच्या शब्दाला गाठ मारून ठेवू नये. त्याच्या भल्या बोलण्याचा उद्या त्याच्याविरुद्ध उपयोग केला, तर पुढच्या वेळी मैदानावर कोणीच कोणाला विचारणार नाही. क्षमा मागणाऱ्याचे धाडस टिकते ते क्षमा ऐकणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर.

समारोप

चुकून लागलेल्या फटक्याबद्दल क्षमा मागणे म्हणजे दोषाची कबुली नव्हे. ती दुसऱ्याच्या वेदनेची आणि त्याच्या माणूसपणाची कबुली आहे. दोष आहे की नाही हे ठरवायला नियम आहेत, पंच आहेत, वेळ पडली तर न्यायालय आहे. वेदनेची दखल घ्यायला मात्र त्या क्षणी तेथे असतो तो एकच माणूस, ज्याच्या हातातल्या स्टिकने ती वेदना दिली. त्याने पाठ फिरवली तर ती उणीव दुसरे कोणी भरून काढू शकत नाही.

ताठ मानेने खेळावे आणि ताठ मानेनेच विचारावे, "लागलं का?" वाकण्यासाठी ही विचारपूस नाही. पडलेल्याला हात देऊन उठवण्यासाठी आहे, आणि हात देणाऱ्यालाही त्या वेळी थोडे खाली झुकावे लागतेच.

चर्चेसाठी प्रश्न

१. घटना, नियमभंग आणि हेतू यांतील फरक कबड्डी किंवा क्रिकेटमधील उदाहरणाने स्पष्ट करा.

२. फ्रँक वॉरेल यांनी चेंडू टाकलेला नसताना रक्त का दिले असावे? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?

३. निर्दोष ठरल्यानंतरही सारिपुत्तांनी क्षमा मागितली. त्यामुळे त्यांचा मान कमी झाला की वाढला? कारणे द्या.

४. आपणहून मागितलेली क्षमा आणि मागायला लावलेली क्षमा यांतील फरक आपल्या गावातील व्यवहारात कोठे दिसतो? कोणाचेही नाव न घेता चर्चा करा.

५. "सॉरी" या शब्दाऐवजी वापरता येतील असे मराठी शब्द सांगा आणि प्रत्येक शब्द कोणत्या प्रसंगी योग्य ठरेल ते लिहा.